मिलिंदची उलटी वही

मिलिंद, रविवारी भोंगवलीला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला, आणि "मिलिंद फार हुशार होता" एवढंच बोलून मी खाली बसले. मंडपातली माणसं थांबली होती. त्यांना वाटलं, रंजनाताई आता पदर सावरून पुन्हा उभ्या राहतील. कापूरहोळच्या चौकात ज्या बाईचा आवाज हायवेच्या पलीकडं जातो, जिच्याशी घासाघीस नको म्हणून केबलवाले ठेकेदार आधीच खरा भाव सांगून मोकळे होतात, ती दोन मिनिटं बोलू शकत नाही हे त्यांना पटेना. तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती वाऱ्यानं सारखी विझत होती आणि तुझी बायको सुजाता ती दर वेळी शांतपणे पेटवत होती. मी तिच्याकडं बघत बसले. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते आहे. सगळं गोड नसेल. माझा तुझ्यावर राग आहे, आणि तू गेलास म्हणून मी तो सोडलेला नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा मी मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्ज एवढंच करत होते. तू टेलिफोनच्या खांबांवर कंत्राटी काम करायचास. कानातल्या बिनवायरच्या यंत्राचा भाव पाडायला आला होतास आणि मी एक पैसा कमी केला नाही. पैसे देताना तू म्हणालास, "ताई, एवढं भांडण जर तुमी मोठ्या कंपन्यांशी केलं, तर वेल्ह्यापातुर इंटरनेट नेताल." चेष्टाच केली होतीस. मी ती चेष्टा धरून ठेवली. पुढच्या आठवड्यात तुला बोलावून घेतलं आणि विचारलं, खरंच नेता येईल का?

मग आपण तार नेली. ज्या गावांत मोठ्या कंपनीचा माणूस गाडीतून खालीही उतरला नसता, तिथं खांबावरून खांबावर नेली. राजगडाच्या खालच्या बाजूला माकडं तार कुरतडायची. तू म्हणायचास, माकडांना फायबर गोड लागतं, आपल्या गिऱ्हाइकांना कडू. मी सरपंचांशी, शेतवाल्यांशी, वायरमनशी भांडायची आणि तू वर चढायचास. गुंजवण्याला एका म्हाताऱ्यानं बांधावर खांब रोवू दिला नाही, तर मी त्याच्या ओसरीवर दुपारभर ठिय्या दिला. शेवटी त्यानं खांब तर दिलाच, वर जेवायला वाढलं. तू भात कालवत हळूच म्हणालास, "ताई, आता हितनं पुढं तुमालाच खांबाच्या जागी उभं करतो." मी तुला शिवी दिली. ते दिवस चांगले होते. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं लिहायचं आहे ते तसं नाही.

आपल्या स्वतःच्या मालकीचे इंटरनेटचे पत्ते मिळाले, तो दिवस मला लग्नापेक्षा जास्त आठवतो. पत्ते म्हणजे नुसते आकडे. मी पेढे आणले, आणि तू पेढा तोंडात टाकत म्हणालास की आता उलटी वही मागून घ्यायला हवी. म्हणजे काय ते तू मला माझ्या भाषेत समजावलंस. लोक नाव टाकतात आणि यंत्र त्या नावाचा आकडा शोधतं, ही सुलटी वही. पण कधी कधी यंत्राकडं आकडाच असतो आणि त्याला विचारायचं असतं की बाबा, तू कोण? त्यासाठी दुसरी वही आहे. तिच्यात आकडे उलट्या क्रमानं लिहितात, शेवटचा अंक आधी. गावोगाव तार वाटणारे आपले यंत्रांचे डबे, त्यातला बारा नंबरचा असेल तर आधी दोन लिहायचे, मग एक. या वहीचं घर डॉट कॉम नाही, डॉट इन नाही. ते डॉट आर्पा.

मी लगेच विचारलं, "केवढ्याला?"

"इकत मिळत न्हाई, ताई."

जगात विकत न मिळणारी वस्तू असते हे मला मान्यच नव्हतं. मी म्हटलं, कुणाची तरी ओळख काढू, कुणाला तरी चहा पाजू. तू हसत सुटलास. मग सांगितलंस की हे नाव सगळ्यांत आधीचं. इंटरनेट जन्मायच्या आधी जे जाळं होतं त्याचं ते नाव. पुढं काढून टाकायचं म्हणून तात्पुरतं ठेवलेलं, पण सगळ्या कामांची मुळं त्यात इतकी गुंतली की काढता आलं नाही. आता ते इंटरनेटच्या आतल्या कामासाठी राखून ठेवलंय. त्यात कुणाला दुकान टाकता येत नाही, पाटी लावता येत नाही. ज्याच्याकडं जेवढे आकडे, तेवढी वहीची पानं त्याच्या हवाली होतात, आणि ती खरी ठेवणं हे त्याचं काम.

मी म्हणाले, ज्याला कोणी किंमत देत नाही ते कशाला सांभाळायचं? पुढच्याच महिन्यात भोरच्या एका कॉलेजची पत्रं परत यायला लागली. ईमेल जाई आणि समोरचं यंत्र ते दारातूनच परत पाठवी. कॉलेजच्या साहेबांनी माझी बिनपाण्यानं केली. तू अर्ध्या तासात शोधलंस. त्यांच्या यंत्राच्या आकड्यापुढं उलट्या वहीत नाव लिहायचं राहिलं होतं. तू म्हणालास, "अनोळखी नंबरचा फोन तुमी तरी उचलता का?" मी नाही उचलत. तेव्हापासून तुझ्या वहीला मी नावं ठेवली नाहीत.

त्याच आठवड्यात तू सगळ्या गावांच्या डब्यांना नावं द्यायला बसलास. माझ्या लाईनमननं यादी केली होती, कुठल्या नंबरचा डबा कुठं बसवलाय त्याची. गुंजवण्याच्या डब्यापाशी आल्यावर मी तुला थांबवलं. आमची आंबेमाळ वाडी धरणात गेली. आई-बापाच्या भातखाचरांवर आज पाणी आहे आणि सरकारी कागद सोडले तर ते नाव कुठं उरलेलं नाही. मी म्हटलं, या डब्याला आंबेमाळ नाव दे. तू विचारलंस, खांब कुठं उभा आहे? मी म्हटलं, वाडीच्या वरच्या माळावर, पाण्याच्या वर. तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "मग खरं हाय. घालतो." खोटं असतं तर मी रडून मागितलं असतं तरी तू घातलं नसतंस, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मी घासाघीस करून मिळवलं.

मग बारा नंबर आला. भोंगवलीतली तुझी वस्ती. यादीत लाईनमननं वस्तीचं जुनं नाव लिहिलं होतं, गावातली माणसं आजही सवयीनं घेतात ते, जातीवरून पडलेलं. तू कागदाकडं बघितलंस आणि सिद्धार्थनगर लिहिलंस. मी खांद्यावरून बघत होते. मी म्हणाले, "कोण बघतंय रे तिथं?" तू मान वर न करता म्हणालास, "जो इचारील त्याला दिसतं. अमेरिकेतनं इचारलं तरी दिसतं." पुण्याहून तुमच्या घरापर्यंत तार कुठून कुठून जाते असं कोणी यंत्राला विचारलं, की वाटेतला एकेक डबा आपलं नाव सांगतो, हे तू मला मग करून दाखवलंस. पुणे, कापूरहोळ, सिद्धार्थनगर. तीन ओळी. मी म्हटलं, बरं बाबा, तुला हवं ते कर. पाच मिनिटांपूर्वी माझ्या बुडालेल्या वाडीचं नाव मी हट्टानं घालून घेतलं होतं आणि तुझ्या जित्या वस्तीच्या नावाला "कोण बघतंय" म्हणाले. तेव्हा मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या असं सुचलंही नाही.

आता ते भांडण.

पुण्याचा एक माणूस मी ढाब्यावर गाठला होता. आपले काही आकडे त्याला भाड्यानं हवे होते, आणि अट एकच: उलट्या वहीत त्या आकड्यांपुढं त्यानं दिलेली नावं घालायची. ती नावं एका बँकेच्या पत्र पाठवणाऱ्या यंत्रांसारखी दिसत होती. बँक त्याची नव्हती. मी त्याला विचारलं नाही की असं का. आज प्रामाणिकपणे सांगते, विचारलं नाही कारण उत्तर मला ठाऊक होतं: बँकेच्या नावानं पत्रं धाडून लोकांना फसवायचं होतं. मी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला आणि दुकानात येऊन तुला सांगितलं.

तू नावांचा कागद वाचलास, घडी घातलीस आणि माझ्या गल्ल्यावर ठेवलास. "ताई, हे न्हाई व्हायचं."

मी म्हटलं, मी शब्द दिलाय.

"शब्द तुमी दिलाय. वही माझ्या हातात हाय."

याच वाक्यानं माझं डोकं फिरलं. वही कुणाच्या दुकानात आहे, वीज कुणाची, खुर्ची कुणाची, हे सगळं मी तुला ऐकवलं. तू चहा पीत होतास. मला तुझ्या त्या शांतपणाचाच जास्त राग यायचा. मग मी म्हणाले, "नावं बदलायची लई हौस हाय ना तुला? तुमच्या वस्तीचं बदललंस, तवा म्या काय बोलले का? मग माझ्यासाठी चार नावं लिवताना हात मोडतो व्हय?"

तू ग्लास खाली ठेवलास. "ते खोटं हुतं, ताई, म्हणून काढलं. हे खोटं हाय, म्हणून घालत न्हाई."

वाद हरायला लागले की मी काय करते ते तुला माहीत होतं. मी म्हणाले, जा मग तुझ्या तिकडं, आणि तुझ्या वस्तीचं ते जुनं नाव तोंडानं उच्चारलं. तो शब्द इथं लिहीत नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी मान खाली घातली. तू दुकानाच्या किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्यास, त्या कागदाच्या घडीवर, आणि गेलास. संध्याकाळची भोरची एसटी लागली होती, त्यात चढताना तुला मी पाहिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी ते आज बोलता आलं असतं. रागात सगळेच बोलतात. पण एसटी गेल्यावर मी तुझ्या खुर्चीत बसले. परवलीचे शब्द तू माझ्यापासून कधी लपवले नव्हतेस, ते टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलेच होते. मी उलटी वही उघडली, बाराचा आकडा शोधला, त्यापुढचं नाव खोडलं आणि तो शब्द तिथं घातला. त्या ओळीवर आधी काय होतं तेही वाचलं नाही. ओळ जतन केली आणि वही बंद केली. मला वाटलं, तू घरी जाऊन बघशील, तुला कळेल. तुला कळावं हाच माझा हेतू होता. हे सांगायला मला अडीच वर्षं लागली, मिलिंद.

तो सौदा अर्थातच झाला नाही. त्याचं खापर मी तुझ्यावर फोडलं, भेटेल त्याला सांगितलं की ज्याला हात धरून वर काढलं त्यानंच ऐन वेळी दगा दिला. तू शिरवळच्या एका कारखान्यात लागलास. माझ्याकडं नवी मुलगी आली, नसरापूरची, कामाला चांगली. दिवस गेले. आणि गंमत म्हणजे वहीत मी काय केलं ते मी विसरून गेले. राग मात्र नीट लक्षात ठेवला. एकदा कापूरहोळच्या थांब्यावर तू दिसलास. तू हात वर केलास. मी गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले. तू बराच वेळ तिथं उभा होतास, एक एसटी तू सोडूनही दिलीस. मी मोजतच राहिले. तू आत आला असतास तर? आणि मी बाहेर आले असते तर? अडीच वर्षं आपण दोघं चौकाच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

तुझ्या दुखण्याचं मला दुधाच्या टेम्पोवाल्याकडून कळलं. म्हटलं, येत्या गुरुवारी पुण्याला जायचंच आहे, तेव्हा दवाखान्यात जाऊन येऊ. तू बुधवारी गेलास.

रविवारी कार्यक्रम संपल्यावर सुजातानं मला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, त्या उलट्या वहीत तुमच्या दुकानाचं नाव अजून तेच हाय का वो?" मला काही समजेना. तेवढ्यात तिला कुणी हाक मारली आणि ती गेली. रस्ताभर मी तो प्रश्न चघळत आले. माझ्या दुकानाचं नाव? तेच म्हणजे कोणतं?

सोमवारी सकाळी नसरापूरच्या मुलीला म्हटलं, पुण्याहून भोंगवलीपर्यंतची वाट विचार. तिनं विचारली. तीन ओळी आल्या. पहिली पुणे. तिसरी सिद्धार्थनगर. आणि मधे, जिथं कापूरहोळ असायला हवं, तिथं तो शब्द. ती मुलगी वाचायला गेली आणि अर्ध्यात थांबली. "मॅडम, हे तर आपलं दुकान दाखवतंय," म्हणाली. मग काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

मला उमजायला थोडा वेळ लागला. बारा लिहिताना आधी दोन, मग एक. मी आधी एक आणि मग दोन शोधले होते. ती ओळ एकवीसची होती, आणि एकवीस म्हणजे आपला मुख्य डबा, माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेला. तुझ्या वस्तीला धक्काही लागला नव्हता. अडीच वर्षं जगातून कुणीही विचारलं तरी माझं दुकान ते नाव सांगत होतं.

माझे कान तापले. कुणी बघितलं असेल, कुणी हसलं असेल, हे पहिलं मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं, ते अजून जात नाही. मला लाज कशाची वाटत होती? चूक झाली याची, की तो शब्द माझ्या दारावर होता याची? तुझ्या दारावर तो लावायला निघाले तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. माझ्या दारावर सापडला तेव्हा कान तापले. तू तो शब्द लहानपणापासून ऐकलास आणि त्या दिवशी लाईनमनची यादी हातात घेऊन मान वर न करता काम करत राहिलास.

मंगळवारी मी स्वतः वही उघडली. मुलीला हात लावू दिला नाही. तुझं नाव त्या डब्याला द्यावं असं फार मनात होतं. मग आठवलं, एकदा मी माझंच नाव घाल म्हणाले होते तेव्हा तू नाही म्हणाला होतास. माणूस हलतो, डबा तिथंच राहतो, मग ते खोटं होतं. म्हणून कापूरहोळ लिहिलं. एक अंक, मग दुसरा, बोट ठेवून, चारदा तपासून. तुझा डबाही बघितला. तू लिहिलं होतंस तसंच होतं.

मग मी भोंगवलीला गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. सुजाता दारात बसून पावटा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगितलं नसतं. म्हटलं, "सुजाता, ते नाव मी माझ्या दुकानाला दिलं नव्हतं. तुमच्या वस्तीला द्यायला गेले होते. आकडा चुकला."

तिनं हातातली शेंग पुरी सोलली. "ठावं हाय," ती म्हणाली. "त्याच सांजंला बगितलं त्यांनी. पैल्यांदा लई हसले. म्हणले, ताई बारा लिवायला गेल्या आन् एकवीस लिवून बसल्या." मग पुढची शेंग उचलत म्हणाली, "मग जेवले न्हाईत."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही त्यानं? एक फोन करायचा. मी भांडले असते, पण ऐकलं असतं.

"म्या बी म्हणलं, सांगा. ते म्हणायचे, वही इचारल्याबिगर बोलत न्हाई. ताई इचारतील तवा सांगू. रोज सकाळी मोबाईलवर वाट बगायचे, नाव बदललंय का. दवाखान्यात बी बगितलं."

यासाठीच माझा तुझ्यावर राग आहे. मी विचारणारी बाई नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी भाव करते, आरडाओरडा करते, विचारत नाही. तू थांब्यावर हात वर केलास तेवढ्यानं माझं काम व्हायचं नव्हतं, तू आत येऊन टेबलावर हात आपटायला हवा होतास. हे म्हणताना मला कळतं आहे की मी अजूनही तुझ्याच गळ्यात घालते आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, भाव करू नका."

सुजातानं विचारलं, आता काय लिहिलंय? मी म्हटलं, कापूरहोळ. ती आत गेली आणि तुझा मोबाईल घेऊन आली. तू तिला शिकवलं होतंस. ओले हात पदराला पुसून तिनं वाट विचारली आणि तीन ओळी येईपर्यंत डोळे हलवले नाहीत. मी उभीच होते. मी आजवर कुणाचा शब्द तपासल्याशिवाय घेतलेला नाही. तिनंही माझा घेतला नाही.

तिनं तिन्ही नावं वाचली, शेवटचं दोनदा. "व्हय," म्हणाली, मोबाईल बाजूला ठेवला आणि पुन्हा पावटा सोलायला बसली.